वेळेच्या बाबतीत शिथिल

१९७९ सालचा मार्च महिना. एकोणीस तारीख, सोमवार, सकाळचे सव्वाअकरा.

"मी सही करणार नाही, मॅडम," कॅप्टन तांडेल म्हणाली आणि पेन माझ्या टेबलावर ठेवलं. आपटलं नाही. नुसतं ठेवलं, माझ्या पेनाला समांतर.

मी तेव्हा एका लष्करी रुग्णालयात मेट्रन होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं काम करतात. माझ्या हाताखाली चौदा नर्सिंग ऑफिसर होत्या, आणि दर मार्चला त्या चौदाजणींचे गोपनीय अहवाल मला लिहावे लागत. एकतीस तारखेच्या आत ते कमांडंटसाहेबांच्या सहीनं वर गेले पाहिजेत, असा दंडक. अहवालात काही उणं लिहिलं असेल, तर त्या मुलीला समोर बसवून ते समजावून सांगायचं, सुधारणा कशी करावी याचा चार शब्दांत सल्ला द्यायचा, आणि उण्याची वेगळी चिठ्ठी करून त्यावर तिची सही घ्यायची; एक प्रत फाइलीत, एक तिच्याजवळ. त्या सकाळी मी दोघींना समजावून मोकळी झाले होते. एक रडली आणि सही करून गेली. दुसरीनं न वाचताच सही केली आणि विचारलं, "मॅडम, रजेचं काय झालं?"

तिसरी ही. यमुना तांडेल. अलिबागकडची कोळ्याची मुलगी, वय तीस, उंच, सडसडीत, आमच्या जळिताच्या वॉर्डची इनचार्ज. बदलून येऊन चौदा महिने झाले होते.

"कॅप्टन तांडेल, वाचलंत ना नीट?"

"वाचलं, मॅडम. 'वेळेच्या बाबतीत शिथिल. समज दिल्यास सुधारणा संभवते.'"

"मग?"

"कोणत्या तारखेला?"

"काय कोणत्या तारखेला?"

"मी कोणत्या तारखेला उशिरा आले?"

"तारीख कशाला हवी? ते सर्वसाधारण मत असतं."

"सर्वसाधारणपणे मी उशिरा येते?"

मी चष्मा काढला. चष्मा काढला की बहुतेक मुली गप्प होत. ही नाही झाली.

"मॅडम, हे पहिल्यांदा कुणी लिहिलं ते मला..."

"ते मला सांगू नकोस," मी म्हणाले. चिडले की माझं 'तुम्ही' सुटून 'तू' होई. "या खुर्चीत बसून मी आधीच्या मेट्रनविषयी चुगल्या ऐकून घेत नाही. चिठ्ठी घेऊन जा, दोन दिवस विचार कर, बुधवारी ये."

ती उठली, सॅल्यूट केला आणि गेली. मी बेल मारली. हवालदार भोईटे आत आला. हा माझा क्लार्क. फलटणकडचा, गोल चेहऱ्याचा, टाइपरायटरवर दोनच बोटांनी पण बंदुकीच्या वेगानं चालणारा.

"नाही केली सही?"

"नाही."

"मी म्हणालोच होतो, मॅडम. ती बाई घासून गुळगुळीत होणारी नाही."

आता हे वाक्य माझ्या अहवालात आलं कसं, ते सांगायला हवं. चौदा अहवाल, प्रत्येकी सहा पानं, त्यात वॉर्ड, ऑपरेशनं, तपासणीला येणारे जनरल. दर वर्षी भोईटे प्रत्येकीच्या फाइलीतून मागच्या सालचा कागद काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, दोन शब्द इकडचे तिकडं केले की झालं." फाइल बदलीच्या गावी माणसाबरोबर जायची. तांडेलच्या फाइलीत मागच्या सहा वर्षांच्या सहा चिठ्ठ्या होत्या. मी वरची, सर्वांत अलीकडची पाहिली होती; गेल्या मार्चला ती नवीनच आलेली, म्हणून तो अहवाल तिच्या आधीच्या मेट्रननंच लिहून पाठवला होता. तिच्यात हे होतं, म्हणून माझ्यातही आलं. मी एकटीच तसं करत होते असं नाही. सगळीकडे तसंच चालायचं. त्यात मला त्या वेळी काही वाटत नव्हतं.

बुधवारी ती आली ती हजेरीचं रजिस्टर काखेत घेऊन.

"हे काय?"

"चौदा महिन्यांची हजेरी, मॅडम. तीनशे एकावन्न ड्युट्या. मी आल्याची वेळ हिरव्या पेन्सिलीनं खुणावली आहे. सातच्या ड्युटीला सरासरी सहा पन्नास. एकदा मात्र सात वाजून दोन मिनिटं झाली होती. ऑगस्टची नऊ तारीख. त्या दिवशी जिन्यावर एक जवान कोसळला होता, त्याला उचलून आणलं."

"ती दोन मिनिटं पण लिहिलीस?"

"झाली होती ना, मॅडम."

मला खरोखर डोकं धरावंसं वाटलं. कामाला ही बाई उत्तम होती, हे मलाही दिसत होतं. जळिताच्या वॉर्डात मलमपट्टीच्या वेळी जवान ओरडत. हिच्या हाताखाली कमी ओरडत. पण एखाद्या गोष्टीत हात घातला की सोडायचं नाही, हा तिचा स्वभाव. स्वयंपाकघरात दूध कमी आलं की लिटरची मापं मागवायची. धोब्यानं चादर पिवळी आणली की ती चादर घेऊन माझ्याकडे यायची, चादरीसकट.

"हे बघ तांडेल, तू हुशार आहेस. जरा समजून घे. आज मी तुझ्यासाठी वाक्य खोडलं, तर उद्या चौदाजणी चौदा रजिस्टरं घेऊन येतील. मी हॉस्पिटल चालवायचं की कोर्ट?"

"खरं असेल तर खोडू नका, मॅडम. खरं आहे का, एवढंच सांगा."

"सहा वर्षांत सहा मेट्रननी हे लिहिलं. सहाच्या सहाजणी चुकल्या, आणि तू एकटी बरोबर?"

"सहा नाही, मॅडम. एक."

"उगाच कोडी घालू नकोस!"

माझा आवाज इतका चढला की बाहेरचा टाइपरायटर थांबला. तिनं रजिस्टर मिटलं.

"मला जाऊ द्या, मॅडम. साडेअकराला ड्रेसिंग आहे. मी थांबले तर उशीर होईल."

ती गेल्यावर भोईटे चहा घेऊन आला. चहा मी मागितला नव्हता.

"मॅडम, लहान तोंडी मोठा घास होतोय. पण तिचा शॉर्ट सर्व्हिसचा करार जूनमध्ये संपतो. मे महिन्यात बोर्ड बसेल, कायम ठेवायचं की घरी पाठवायचं. सलग सात अहवालांत एकच उणं दिसलं, तर बोर्ड वाचायच्या भानगडीत पडत नाही. सरळ घरी."

"हे तिला माहीत आहे?"

"तिला सगळं माहीत असतंय, मॅडम."

"मग ती तसं सांगत का नाही? जरा विनवलं, माझ्यावर इतका प्रसंग आहे म्हणाली, तर माणूस विचार करेल की नाही?"

भोईट्यानं बशी सरळ केली. "ती विनवणारी असती तर आपण दोघं आत्ता दुसऱ्या फाइलीवर असतो."

त्या दिवशी दुपारी कमांडंटसाहेबांचा फोन आला. चौदापैकी तेराच अहवाल पोचले, चौदावा कुठे? मी म्हणाले, समज देणं चालू आहे, सर. ते म्हणाले, "समज देताय की धर्मांतर करताय? शनिवारी मला फाइल हवी." मी साळवे, नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती; हा त्यांचा विनोद वर्षातून तीनदा तरी व्हायचा.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. वडील गेल्यापासून, म्हणजे बहात्तर सालापासून, ती माझ्याजवळच असे. जिथं बदली, तिथं तिची पत्र्याची पेटी. राहुरीजवळच्या खेड्यात उभा जन्म गेलेला, हिंदीचा एक शब्द आला नाही, पण प्रत्येक छावणीत दूधवाल्यापासून कर्नलच्या बायकोपर्यंत सगळे तिच्या ओळखीचे.

"कुणावर चिडलीस?"

"आहे एक. लिहिलेलं मान्य करत नाही."

"काय लिव्हलंय?"

"उशिरा येते म्हणून."

"मग येती का उशिरा?"

"नाही."

आईनं सुरी थांबवली. "मंग?"

"आई, तुला नाही कळायचं ते. आधीपासून फाइलीत आहे."

"आसंल बाई," आई म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली. जेवताना तिनं नेहमीसारखी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत माझे भाऊ, त्यांची मुलं, आमची गाय जिला विकून दहा वर्षं झाली होती, आणि शेवटी 'ठेसनावरची पोरगी', असे सगळे क्रमानं यायचे. ठेसनावरची पोरगी म्हणजे बहात्तर साली आई पहिल्यांदा एकटी आगगाडीनं पंजाबात माझ्याकडे आली, तेव्हा तिला उतरवून घ्यायला मी कुणाला तरी पाठवलं होतं, ती. आईनं नाव विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, तर मी म्हणाले होते, "वॉर्डातली कुणीतरी होती गं." युद्ध नुकतंच संपलेलं, जखमींच्या गाड्या चालूच होत्या, नव्या मुलींची तुकडी दर पंधरा दिवसांनी बदलायची. माझी स्मरणशक्ती तेव्हाही नावाजलेली होती. त्या वॉर्डातल्या खाट नंबर सातच्या जवानाचं, त्याच्या गावाचं, त्याच्या म्हशीचंसुद्धा नाव मला आजही सांगता येईल.

शनिवारही सहीशिवाय गेला. साहेबांना मी सोमवारचा वायदा दिला. मग तांडेलला निरोप पाठवला: रविवारी सकाळी अकराला माझ्या क्वार्टरवर ये. ऑफिसात टेबल मधे असलं की माणूस हट्टाला पेटतं; घरी चार शब्द सुखानं बोलू, असा माझा विचार. खरं सांगायचं तर मला तिचं तोंडही बघायचं नव्हतं, पण दुसरा उपाय उरला नव्हता.

चर्चमधून येऊन मी साडी बदलत होते. घड्याळात अकराचा पहिला टोला पडला आणि दारावर टकटक झाली. मी आतून ओरडले, "आई, तिला बसव."

दार उघडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, असा की गॅलरीतली कबुतरं उडाली.

"अगं बया! आगं ही तर माझी ठेसनावरची!"

मी बाहेर आले तेव्हा आईनं तिचे दोन्ही हात धरले होते. गणवेशातली ती उंच कॅप्टन वाकून उभी होती, आणि आई तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत होती.

"कशी वाळलीस गं! सात वर्सं झाली, रोज तुझं नाव घेती. नाव न्हाई, नाव कुठं ठावं हाय मला. रूथ, आगं हीच ती! गाडी पहाटं पाचला यायची ती सव्वानऊला आली. समदी मान्सं निघून गेली व्हती. मी डब्यातनं बघती तर ही एकटी बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. माझा पाय केवढा सुजला व्हता. हिनं आपला रुमाल भिजवून बांधला. मी म्हनलं, पोरी, तुझा खोळंबा झाला. तर म्हनली कशी, आजी, मी गेले असते आणि तुम्ही उतरला असता तर?"

"पाय कसा आहे आता?" तांडेलनं विचारलं.

"पाय मरू दे. बस. शिरा करती."

आई आत गेली. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. टेबल मधे नव्हतं, हे माझंच नियोजन.

मी म्हणाले, "चिठ्ठ्या आणल्यास?"

तिनं पर्समधून सहा कागद काढले. सगळ्यांत खालचा, सगळ्यांत पिवळा, माझ्या हातात दिला. सही त्या वेळच्या मेट्रनची होती. वाक्य माझं होतं. 'समज दिल्यास सुधारणा संभवते' असं दुसरं कुणी लिहीत नसे. मी तेव्हा वॉर्डची इनचार्ज; नव्या मुलींची टिपणं मेट्रन माझ्याकडून घेत. चौदा-पंधरा मुलींबद्दल एका दुपारी मी लिहून दिलं होतं, आणि काही सुचलं नाही की प्रत्येकीच्या खाली हेच वाक्य टाकलं होतं.

आणि मग ती सकाळ मला आठवली. हळूहळू नाही, एकदम. आठ वाजता मेट्रनचा राउंड. स्वतःच्या घरच्या कामाला ड्युटीवरचा ऑफिसर पाठवणं सक्त मना होतं. तासाभरात, सातच्या आत परत येईल, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशोब होता. मेट्रननं विचारलं होतं, "लेफ्टनंट तांडेल कुठे आहे?" आणि मी म्हणाले होते, "अजून आली नाही, मॅडम."

खोटं नव्हतं. आली नव्हतीच.

"तू मेट्रनना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं, मॅडम."

आतून रवा भाजल्याचा वास येत होता.

"आणि इथं? चौदा महिने माझ्या हाताखाली आहेस!"

"इथं मी बदली मागून घेतली. प्रत्येक मेट्रनना मी विचारलं. सगळ्या म्हणाल्या, आधीपासून आहे, ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं त्यांना विचार. म्हणून आले. पहिल्या दिवशी रिपोर्ट केलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, आपण कुठं भेटलोय का? मी म्हणाले, पंजाबात. तुम्ही म्हणालात, तिथं फार जणी होत्या."

"अगं, मग तेव्हाच स्पष्ट बोलायचं ना! सोमवारी बोलायचं!"

"सोमवारी मी सुरुवात केली होती, मॅडम."

मला तिचा इतका राग आला होता की सांगता येत नाही. ती आपल्या जागी बरोबर होती आणि तिचा आवाजसुद्धा चढला नव्हता. आरडाओरडा केला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. आई शिरा घेऊन आली. तांडेलनं दोनदा घेतला.

सोमवारी मी नवा अहवाल आणि सोबत एक पानाचं निवेदन घेऊन कमांडंटसाहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी निवेदन वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"त्या सकाळी ती तुमच्या सांगण्यावरून स्टेशनवर होती. तुम्ही मेट्रनला ते सांगितलं नाही. आणि वर तिच्याविरुद्ध शेरा दिला. हे सगळं तुम्ही लेखी देताय?"

"दिलंय, सर."

"मेजर साळवे, याची प्रत तुमच्या फाइलीला लागेल. सप्टेंबरमध्ये तुमचा प्रमोशनचा बोर्ड आहे."

"माहीत आहे, सर."

"नुसतं ते वाक्य गाळा की! मी डोळे मिटून सही करतो."

"सातव्यातलं गाळलं तरी आधीचे सहा तसेच राहतात, सर. बोर्ड त्या सहांकडेच बघेल."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "तुमच्या नर्सिंगवाल्यांना साधं सोपं काही जमतच नाही का?" असं म्हणून त्यांनी सही केली, कागद फाटेल इतक्या जोरात.

दुपारी मी तांडेलला बोलावलं. या वेळी उणं काही नव्हतं, दाखवायचा नियमही नव्हता. पण मी सहाच्या सहा पानं तिच्यासमोर ठेवली. वाटलं, आता तरी ही बाई सुखानं हसेल. तिनं बारा मिनिटं वाचलं. मी घड्याळ बघत होते.

"मॅडम, इथं 'वक्तशीरपणात आदर्श' लिहिलंय."

"मग?"

"नऊ ऑगस्टला दोन मिनिटं..."

"तांडेल!"

"आणि हे 'कनिष्ठांशी प्रेमळ वागणूक' काढा. मी प्रेमळ नाही. त्यांना विचारा."

बाहेर टाइपरायटरवर भोईट्याला ठसका लागला. मी पेन घेतलं, 'आदर्श' खोडून 'चोख' लिहिलं, 'प्रेमळ' खोडून 'सरळ' लिहिलं, आणि भोईट्याला ते पान पुन्हा टाइप करायला लावलं. तोवर ती उभीच. आभार मानले नाहीत. दारापाशी वळून म्हणाली, "आजींना सांगा, झोपताना पाय उशीवर ठेवायचा. काल पुन्हा सुजलेला दिसला."

मे महिन्याच्या बोर्डानं तिला कायम केलं. सप्टेंबरच्या बोर्डानं माझं नाव घेतलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चौऱ्याऐंशी साली मी मेजर म्हणूनच निवृत्त झाले आणि नगरला येऊन राहिले.

कमांडंटसाहेब ब्रिगेडियर होऊन डेहराडूनला गेले. पुढचं मला ठाऊक नाही. भोईटे सुभेदार होऊन घरी गेला आणि फलटणला पिठाची गिरणी घातली. दर दिवाळीला त्याचं पत्र येई. शब्दन् शब्द तेच, फक्त साल बदललेलं. त्र्याण्णव साली आलं नाही, तेव्हाच मी समजले. आई शहाऐंशीत गेली. शेवटपर्यंत तिच्या प्रार्थनेत ठेसनावरची पोरगी होती; नाव कळल्यावरही तिनं ते बदललं नाही.

तांडेल लेफ्टनंट कर्नल झाली. तिच्या हाताखालची एक मुलगी मला पुढं भेटली. ती वैतागून सांगत होती, "आमच्या मॅडम अहवाल लिहायच्या आधी मागची फाइल कपाटात घालून कुलूप लावतात, आणि प्रत्येक शेऱ्याला तारीख मागतात. मार्चमध्ये आम्हाला जीव नको होतो." निवृत्तीनंतर तांडेल आपल्या गावी, समुद्राकाठी राहायला गेली, आणि दर नाताळाला मला बोलवायची. दोन हजार सहा साली एकदाची मी निघाले. एस.टी. एकला पोचायची, ती घाटात अडकली आणि अलिबागच्या स्टँडवर संध्याकाळी पाचला लागली. मी खिडकीतून बघितलं. बाकावर ती बसली होती, केस पांढरे, छत्री मांडीवर.

"कधी आलीस?"

"साडेबाराला."

"अगं, मग मधे घरी जाऊन यायचं होतंस!"

तिनं माझी पिशवी उचलली आणि चालायला लागली. या वयातही तिच्या चालीला गाठताना मला धाप लागत होती.

"काय करणार, मॅडम. वेळेच्या बाबतीत मी शिथिल," ती मागं न बघता म्हणाली. "चला. समज घरी गेल्यावर द्या."